तात्यानू, तो होकार तुमचाच होता ना?

तात्यानू,

रात्रपाळी करून आले की मी दुपारी झोपते, आणि झोपले की तुम्ही गाडी घेऊन येता. परवा कर्लीची खाडी होती. पूल नव्हता, गाडी पाण्यावरूनच चालली होती, अगदी सावकाश, चाकांचा आवाज नाही की इंजिनाचा नाही. दोन्ही बाजूंना माड पाण्यात वाकलेले. मी मागे बसलेले, खाट रिकामी, आणि तुम्ही आरशातून बघत नेहमीसारखं विचारलंत, "सगळा बरा मां गो?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि जाग आली. खिडकीबाहेर उन्हं उतरलेली, शेजारच्या परड्यात कोणीतरी पालापातेरा झाडत होतं, आणि आपण सकाळपाळीला चाललोय की रात्रपाळीहून आलोय हेच मला काही वेळ कळेना.

हे असं रोज चाललंय. तुम्हाला जाऊन महिना व्हायचाय अजून, आणि तुम्ही निवांतपणे माझ्या दुपारी खाताय. जिवंत असताना माझी झोप मोडलीत ती काय कमी होती?

मी हे हापिसातल्या मराठीत लिहितेय म्हणून हसू नका. बोलताना मालवणी, लिहिताना ही. शाळेनं तसंच वळण लावलंय, आता मोडायचं नाही. पण काकींनी मला जे विचारलं ते मालवणीत विचारलं, आणि ते मला मराठीत करताच येत नाही. तुमच्या तेराव्याला माणसं जेवून गेली, मी मागीलदारी भांडी उचलत होते. काकी आल्या, पदरानं हात पुसत उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "शुभा, तेंका त्यावेळी कळला होता मां गो, तू काय इचारतंस तां?"

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. काय सांगू? मी म्हटलं, काकी, रात्रपाळीची वेळ झाली, मी येते परत. आणि पळाले. त्या दिवशी तुमच्या इंजेक्शनाला होय म्हणताना तुमच्या ह्या बायकोचा आवाज हललासुद्धा नव्हता. पण मग त्या रात्रंदिवस एकच गोष्ट उगाळत बसल्या: तुम्ही खरंच होय म्हणालात, की तुमच्या जिवाचा निर्णय त्यांनी एकटीनं घेतला. त्यांना उत्तर द्यायचं होतं आणि ते माझ्याकडे नव्हतं. ते तुमच्याकडे होतं, आणि तुम्ही खुशाल खाडीवरून गाडी फिरवत होता.

आपलं भांडण कुठून सुरू झालं ते तुम्हाला आठवत असेल. तुमच्या गाऱ्हाण्यावरून.

आपली गाडी नवीन आली तेव्हा लोक तिला 'डोक्याची गाडी' म्हणायला लागले. नाव बरोबरच होतं. अंगावरून वारं गेलेल्या माणसाला इस्पितळात नेण्यात वेळ घालवायचा नाही, गाडीनंच त्याच्या दारात जायचं, गाडीतच डोक्याचा फोटो काढायचा, पडद्यावरून डॉक्टर मॅडम बघणार, मेंदूत गुठळी असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन तिथल्या तिथे. दिवस असो, रात्र असो, गाडी कधी बंद होत नाही, माणसं तेवढी बदलतात. हे सगळं छान. पण त्या फोटोसाठी माणसानं डोकं चौकटीत घालून गप्प पडून राहायला हवं, आणि आपली माणसं ते करतील तर शपथ! अर्धं अंग गेलेलं, वर ते भलंमोठं कडं, वाडीतले सगळे दाराशी रडतायत. कोण गप्प पडेल? मी समजावून दमायची. मशीन चालवणारा निनाद कोल्हापूरचा, तो "आजोबा, हलू नका" म्हणायचा आणि आजोबा आणखी हलायचे.

मग एक दिवस तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवरून मागे वळलात आणि कोणाला न विचारता गाऱ्हाणं सुरू केलंत. गावच्या देवळात सगळ्यांच्या वतीनं देवाकडे मागणं घालता तसंच, तोच सूर, तेच हेल.

"हे देवा महाराजा! आज ह्या तुझा लेकरू ह्या गाडयेत तुझ्या भरवशार निजला हा, रे महाराजा!"

आणि खाटेवरचा म्हातारा, ज्याला इतका वेळ धाप लागली होती, तो शांत होऊन म्हणाला, "व्हय महाराजा."

"तेच्या अंगावरसून जो काय वारो गेलो आसात, तो इल्या वाटेन परत फिरय रे महाराजा!"

"व्हय महाराजा."

बाहेर उभी असलेली वाडीसुद्धा एका आवाजात व्हय महाराजा म्हणाली. निनाद माझ्याकडे बघत राहिला. मी डोकं चौकटीत बसवलं, पट्टा लावला, आम्ही सगळे बाहेर आलो, आणि म्हातारा जत्रेत पालखीपुढे उभा राहावा तसा निश्चल पडून होता. मशीनची घरघर चालू, आंब्याच्या सावलीत गाडीभोवती माणसं हात जोडून उभी. मला वाटलं आपण सगळेच कुठल्यातरी झोपेत आहोत आणि ती झोप चांगली आहे. अशा किती दुपारी गेल्या नंतर. मी रागीट बाई, पण त्या दुपारी मला राग येत नसे.

तुम्हाला मात्र सरळ राहवेल तर ना! पुढे पुढे गाऱ्हाण्यात काय वाटेल ते घुसडायला लागलात. "आणि ह्या सिस्टरच्या तोंडाक वायच आराम दी रे महाराजा!" पेशंट बिचारा, व्हय महाराजा. त्याचे नातेवाईक, व्हय महाराजा. मी डोळे वटारले की आरशात तुमच्या मिशा हलताना दिसायच्या. पडद्यावरच्या मॅडमना पण कळायला लागलं होतं. गाऱ्हाणं झालं का, असं त्याच विचारायच्या.

तो नांदगावचा काजूवाला आला आणि सगळं बिनसलं. आठवतं? बागेतच पडला होता, उजवा हात आणि पाय गेलेला. तुम्ही गाऱ्हाणं घातलंत आणि त्यानं खणखणीत उत्तर दिलं. त्याचा भाऊ आनंदानं ओरडलाच, "वाचा आसा! वाचा आसा!" आता मला म्हणे इंजेक्शन नको, धोका नको, वाचा शाबूत आहे, हातपाय मालीश करून येतील. आणि खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. बोलणं नीट आहे, असं मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांना नाव विचारा." विचारलं. काही नाही. पेन दाखवलं. काही नाही. भावाकडे बोट केलं, हा कोण? त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं, ओठ हलले, आणि काहीच आलं नाही. मॅडमनी तेव्हा समजावलं की लहानपणापासून घोकलेलं, देवापुढचं, मोजणी, शिवीसुद्धा, हे वाचा गेली तरी तोंडातून आपोआप येतं. वाचा गेलेलीच होती. एवढंच काय ते मागे राहिलं होतं.

भावाला पटवलं, इंजेक्शन दिलं, माणूस चार दिवसांनी बायकोला नावानं हाक मारायला लागला. गोष्ट संपायला हवी होती. पण तुम्ही त्या दिवसापासून माझ्यामागे लागलात.

तुमचं म्हणणं, तो मनापासून होय म्हणाला. माझं म्हणणं, ती तोंडाची सवय, त्यात मन नव्हतं. झालं! चहाच्या टपरीवर तेच, डिझेल भरताना तेच, जामसंड्याच्या सड्यावर, त्या उघड्या कातळावर, धुक्यात गाडी थांबवून फोनची वाट बघत बसायचो तेव्हा तेच. सड्यावर काही दिसायचं नाही, नुसता पांढरा उजेड, खाली समुद्र आहे हे फक्त आवाजावरून कळायचं, आणि त्या पांढऱ्यात आपण दोघं तावातावानं भांडतोय. निनाद कानात बोळे घालून झोपायचा.

मी एकदा म्हटलं, उद्या कोणी गाऱ्हाण्यात तुमचं कलमांचं परडं मागितलं आणि तुमच्या तोंडातून व्हय महाराजा गेलं, तर देणार का? तुम्ही विचारसुद्धा केला नाहीत. म्हणालात, द्यावं लागेल, तोंडातून गेलेलं परत कसं घ्यायचं. मी म्हटलं, तात्या, तुम्ही भांडायचं म्हणून भांडता. तेव्हा तुम्ही स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवलेत आणि समोर धुक्याकडे बघत म्हणालात:

"बाये, तू देवळात गेलंस काय हात जोडतंस. दरवेळी इचार करून जोडतंस? हात आपसूक जुळतत. म्हणान काय तो नमस्कार खोटो?"

पण गप्प बसेन तर मी कसली! मी म्हटलं, हातांचं वेगळं आणि औषधाचं वेगळं. तुम्ही हसलात, तेवढ्यात फोन वाजला आणि गाडी सुरू केलीत. ते भांडण तिथेच, धुक्यात राहिलं.

मग तो दिवस. तुमची सुट्टी होती. भर दुपार, कुडाळच्या थांब्यावर आम्ही जेवायला डबे उघडले होते. फोनवर गावाचं नाव आलं, वाडीचं आलं, आणि घराचं आलं. बदली ड्रायव्हरला रस्ता मी सांगितला, वळणावळणाला. तुमच्याच गाडीतून तुमच्याच घरी चाललो होतो आणि सीटवर तुम्ही नव्हता, हे मला वाटभर खरंच वाटेना.

अंगणात आमसुलं वाळत घातली होती, अर्धी उलटलेली, अर्धी तशीच. तुम्ही पडवीत खांबाला टेकून, उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कोणाचा आणून ठेवल्यासारखा. मी समोर बसले. नाव विचारलं. तुम्ही माझ्याकडे इतकं बघितलंत, आणि काही आलं नाही. खिशातलं पेन काढून दाखवलं. नाही. माझ्याकडे बोट केलं, मी कोण? नाही. तेव्हा मला कळलं, आणि मला भयंकर राग आला. तुमच्यावरच आला. दुसरा कोण होता तिथे?

गाडी देवळापुढच्या मांडावर लावली होती, सपाट जागा तुमच्या गावात तेवढीच. खाटेवर घेतलं आणि तुम्ही घाबरलात, तात्यानू. तुम्हाला घाबरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. डावा हात सारखा चौकटीकडे जात होता. कोणीतरी गाऱ्हाणं घालायला हवं होतं आणि गाऱ्हाणं घालणारा तर खाटेवर पडलेला. बदली ड्रायव्हर खाली मान घालून उभा. शेवटी मीच सुरू केलं. बायका घालतात का, घालत नाहीत का, कोण विचारतंय! अर्धं चुकलं, मध्येच हापिसातली मराठी घुसली, तुम्ही धडधाकट असतात तर पोट धरून हसला असतात. पण तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, "व्हय महाराजा." स्वच्छ. नेहमीसारखं.

फोटोत गुठळी होती, रक्तस्राव नव्हता. मॅडमनी पडद्यावरून काकींना काहीही न लपवता सांगितलं. इंजेक्शनानं गुठळी विरघळेल, हात आणि वाचा परत यायची आशा आहे. थोड्या माणसांना मात्र उलट मेंदूत रक्तस्राव होतो, त्यात जीवही जाऊ शकतो. काकींनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, तेंकाच इचार.

मी तुमच्या कानाशी वाकले. "तात्यानू, इंजेक्शन देवया? धोको आसा."

तुम्ही डोळे उघडलेत. माझ्याकडे बघितलंत. "व्हय महाराजा."

मी काकींना तिथल्या तिथे सांगितलं, काकी, ह्यावर जाऊ नका, ही सवय असते, त्यांना कळलंच असेल असं नाही, तुमचं तुम्ही ठरवा. त्या म्हणाल्या, "सगळो जन्म संसार केलंय गो तेंच्यावांगडा. तेंचो होय माका कळता." आणि मॅडमना म्हणाल्या, द्या.

दिलं. कुडाळकडे येताना रस्त्यात तुमचा उजवा अंगठा हलला. मी निनादला मारलंच आनंदानं. तुम्ही अंगठ्याकडे बघत होता, जणू तो तुमचा नाहीच. दुसऱ्या दिवशी डोक्यात रक्तस्राव झाला, आणि मग चार दिवस तुम्ही झोपून होता, आणि मग नव्हता. मॅडम मला म्हणाल्या, निर्णय बरोबर होता, तसाच पेशंट उद्या आला तर मी पुन्हा हेच सांगेन. मला ते पटतं. मीही पुन्हा तेच देईन. मला तो प्रश्नच नाही.

प्रश्न तुमच्या त्या होकाराचा होता. गंमत बघा ना, जन्मात पहिल्यांदा मला वाटत होतं की भांडण तुम्ही जिंकावं. तुम्ही खरे असलात, तर तुम्हाला कळलं होतं आणि तुम्ही स्वतः होय म्हणालात. मी खरी असले, तर त्या गाडीत तुम्हाला कोणी विचारलंच नाही, आणि काकी आपल्या अंथरुणात जागत होत्या ते बरोबर होतं. किती दिवस मी हेच घेऊन गाडीत बसत होते. तुमच्या सीटवर आता नवा माणूस बसतो. गुणी आहे, पण आरशात बघत नाही.

मागच्या आठवड्यात सकाळी मालवणच्या किनाऱ्यावरून फोन आला. रापणीचं जाळं ओढून झालं होतं, मासळीचे वाटे पडत होते, आणि वाटे घालणारी आजी तिथेच वाळूत बसली ती उठलीच नाही. उजवं अंग गेलेलं, वाचा बंद. समुद्र इतका शांत होता की होड्या हवेत टांगल्यासारख्या दिसत होत्या. गाडीत घेतलं तर आजी डाव्या हातानं पट्टाच ओढायला लागली. नव्या ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं. मी गाऱ्हाणं सुरू केलं. आता मला येतं, तात्या. हेलसुद्धा येतात.

आजी व्हय महाराजा म्हणाली. पुन्हा म्हणाली. हात खाली आला. आणि मग, तुम्ही घुसडायचात ना तसंच, माझ्या तोंडातून गेलं, मी ठरवलं नव्हतं:

"आणि आमचो तात्या जो शेवटचो होय म्हणालो, तो तेच्या मनातसूनच म्हणालो, असां आमका सांग रे महाराजा!"

"व्हय महाराजा," आजी म्हणाली.

मला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. ज्या बाईला स्वतःचं नाव सांगता येत नाही तिच्याकडून मी साक्ष काढतेय! डोकं बसवलं, बाहेर येऊन वाळूत उभी राहिले, नाक पुसलं. फोटो झाला, गुठळीच होती, तिचा मुलगा हो म्हणाला, इंजेक्शन झालं.

तिसऱ्या दिवशी सुट्टी होती, तरी इस्पितळात गेले. कशाला गेले मलाच ठाऊक नाही. आजी उशाला टेकून पेज पीत होती. शब्द अडखळत येत होते, पण येत होते. मी म्हटलं, ओळखलंत काय? तिनं मान हलवली. डोक्याच्या गाडीतली, म्हणाली. मग मी खाटेच्या कडेला बसले आणि विचारलं, आजी, त्या वेळी मी बोलत होते ते काही कळत होतं?

आजीनं वाटी खाली ठेवली. एकेक शब्द शोधून काढत होती.

"सगळा कळत होता गो. बोलूक येय नाय. तां एकच येत होता तोंडात. म्हणान... तांच म्हटलंय."

वॉर्डात कुठेतरी भांडं पडलं, कोणीतरी हसलं. आजी माझ्याकडे निरखून बघत होती. मग म्हणाली:

"तुझो तो तात्या... कोण गो?"

हरले मी, तात्यानू. साफ हरले. त्या वॉर्डात, अनोळखी बाईच्या खाटेवर बसून मी हमसाहमशी रडले, आणि आजीनं डाव्या हातानं माझी पाठ थोपटली. आता तुम्ही असतात तर मी म्हटलं असतं, आजीचं डोकं वेगळं, तुमचं वेगळं, एकीवरून दुसऱ्याचं कसं ठरवायचं? म्हटलंच असतं. पण तुम्ही नाही, आणि भांडायला मला दुसरं कोणी नको. मी तिला तुमच्याबद्दल सांगितलं. मिशांपासून सांगितलं.

तिथून बस पकडून सरळ तुमच्या घरी गेले. काकी पडवीत होत्या, त्याच खांबाशी. मी चपला काढायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, आजीचं, वाळूचं, गाऱ्हाण्याचं, पेजेच्या वाटीचं, सगळं. तोंडात तेवढा एकच शब्द उरला होता म्हणून तुम्ही तोच वापरलात, काकी, त्यांना कळलं होतं, असं म्हटलं. काकींचे डोळे अंगणाकडे.

मग त्यांनी सरकून मला शेजारी जागा करून दिली.

"परत सांग गो," म्हणाल्या, "पयल्यापासून."

मी पहिल्यापासून परत सांगितलं.